फुई पुढच्या सीटवर

मोटारसायकलची मागची सीट माझ्या फुईइतकी अख्ख्या खानदेशात कुणालाही कळलेली नाही, हे मी कुठल्याही चौकात उभं राहून सांगायला तयार आहे. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. इतर ठिकाणी जिला आत्या म्हणतात तिला आमच्याकडे फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. फुई नर्स होती. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात तिचं उपकेंद्र होतं आणि आसपासचे सगळे पाडे तिच्याकडे होते. तिथे एसटी जात नसे. कुठे बाळंतीण अडली, कुठे लसीकरण निघालं, की जो कुणी मोटारसायकल घेऊन त्या बाजूला निघाला असेल त्याच्या मागे फुई बसायची. ग्रामसेवक, मास्तर, गुरांचा डॉक्टर, दूधवाला, मिरच्यांचा व्यापारी, कधी पोलीसपाटील, कधी नवरदेवाचा भाऊ. साडी नेसलेली, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर लशीचा डबा आणि समोर कुणाचा तरी शर्ट. तिची सगळी नोकरी अशी गेली.

त्यामुळे फुईला माणसं चेहऱ्यावरून ओळखता येत नसत, पाठीवरून येत. हे मी वाढवून सांगत नाही. पहूरला आमच्याकडचं एक लग्न होतं. जेवणाची पंगत बसली होती आणि फुई पंगतीच्या मागून चालत येत होती. मध्येच थांबून ती एका पाठीला म्हणाली, "काय मास्तर, मणक्याचं दुखणं थांबलं का?" तो गृहस्थ वळला, उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला, मुलांची चौकशी केली. फुई त्याच्या तोंडाकडे बघून गोंधळली आणि मला बाजूला घेऊन विचारू लागली, "हा कोण रे?" मी म्हटलं, "अगं, आत्ताच तू त्याला मास्तर म्हणालीस." ती म्हणाली, "ते पाठीला. तोंड मी नव्हतं पाहिलेलं."

गाडी हाकणाऱ्यांबद्दल तिची ठाम मतं होती. खड्डा आला की जो आधी सांगतो तो संसारात चांगला. खड्डा गेल्यावर जो सांगतो त्याला मुलगी देऊ नये. बोलताना जो मान मागे वळवतो त्याच्या गाडीवर देवाचं नाव घेऊन बसावं आणि जो उतारावर गाडी बंद करून पेट्रोल वाचवतो त्याच्या घरी चहाला जाऊ नये. गुरांच्या डॉक्टरच्या गाडीचा सायलेन्सर उघडा होता. त्याचा डाग तिच्या पोटरीवर कायमचा उमटला होता आणि तो डाग ती पाहुण्यांना, एखादा पहिलवान पदक दाखवेल तसा दाखवायची.

इतकं असून स्वतः गाडी चालवावी हे तिच्या मनात कधी आलं नाही असं नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने सासरी विषय काढला होता. तेव्हा सासूबाईंनी तिला ऊन लागलंय असं समजून तिच्या तळपायांना कांद्याचा रस चोळला. नंतर मुलगा झाला, फुवांच्या बदल्या झाल्या, दर वर्षी ती गोष्ट पुढच्या वर्षावर गेली. आणि फुवांचा दुचाकीवर मुळात विश्वास नाही. फुवा शाळामास्तर होते, फार थोडं बोलतात, पण जे बोलतात ते पाटीवर लिहिल्यासारखं. ते म्हणत, "जी वस्तू धरल्याशिवाय उभी राहत नाही, ती आपल्याला काय धरणार?" त्यांनी आयुष्यभर एक सायकल बाळगली. ती हातात धरून ते शाळेत चालत जात आणि हातात धरून चालत परत येत.

निवृत्तीनंतर दोघं फुवांच्या गावी, असोद्याला येऊन राहिले. जळगावहून अगदी जवळ, त्यामुळे माझं दर रविवारी जाणं व्हायचं. मग मागच्या हिवाळ्यात फुवांना चक्कर आली. ते अंगणात पडले आणि सुरतेहून माझा आतेभाऊ धावत आला. कापडाच्या बाजारात त्याची नोकरी आहे. फ्लॅट मोठा घेतला होता, दवाखाना जवळ होता. त्याने हात जोडले, "आई, आता बस झालं. उन्हाळा संपला की दोघांनी माझ्याकडे यायचं." फुईने फुवांकडे पाहिलं आणि हो म्हणाली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या रविवारी मी गेलो तर ती दारातच उभी होती. म्हणाली, "भाऊ, माले गाडी लेनी शे. गेअरवाली."

मला आधी वाटलं, सुरतेला चालवायला. ती म्हणाली, "सुरतेला कोण चालवू देतंय मला? जायच्या आधी चालवायची आहे. आपल्या त्या रस्त्यावर." मी म्हटलं, "अगं, जाणारच आहेस तर घेतेस कशाला?" त्यावर तिने जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. त्या रस्त्याने ती इतकी वर्षं गेली, पण तिला दिसायची ती फक्त डावी बाजू. समोर पाठ असायची. वळण कुठे येतं ते कळायचं गाडी कलल्यावर आणि डोंगर आला ते कळायचं हवा बदलल्यावर. मी म्हटलं, "परत येताना दुसरी बाजू दिसत असेल की." ती म्हणाली, "येताना डोळे उघडे कुठे असायचे? येताना मी त्या पाठींवर डोकं टेकून झोपायची." आणि मग हळूच, "माले तो रस्ता समोरथून देखना शे, एकडाव."

गाडी पसंत करायला आम्ही जळगावच्या दुकानांतून जे हिंडलो त्याची आठवण तिथले विक्रेते अजून काढत असतील. पहिल्या दुकानात एक तरतरीत पोरगा पुढे आला आणि आम्हाला थेट गुलाबी स्कूटरकडे घेऊन गेला. "काकू, लेडीजसाठी ही बघा." फुई म्हणाली, "बाळा, लेडीजसाठी नाही, माझ्यासाठी बघायची आहे." मग ती मोटारसायकलींच्या रांगेत शिरली आणि प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसू लागली. नुसती बसायची नाही, पुढे त्या पोराला बसवायची. "पाठ सरळ ठेव," असं त्याला बजावायची, मांडीवर घरून आणलेला लशीचा जुना डबा ठेवायची आणि डोळे मिटून थोडा वेळ तशीच राहायची. दुकानात गिऱ्हाइकं जमली. पोराच्या कपाळावर घाम आला. एक उंच, निळी, पुढून वाघासारखी दिसणारी गाडी मला फार आवडली होती. फुई तिच्यावर चढली आणि लगेच उतरली. "ह्या गाडीत मागच्या माणसाला माणूस धरलेलंच नाही. घसरगुंडी शे ही." मी म्हटलं, "पण तू तर पुढे बसणार आहेस." ती म्हणाली, "मी पुढे बसेन. मागे कुणी बसणारच नाही असं कसं? बाळंतीण जिच्यावर नीट बसेल ती गाडी चांगली."

शेवटी तिने घेतली ती साधी काळी गाडी, लांब सपाट सीटची, मागे पकडायला दांडा असलेली, दूधवाले वापरतात तसली. तेही लगेच नाही. आधी हॉर्न ऐकला. केळीच्या बागेत माणूस आत असला तर त्याला ऐकू जाईल का, असं विचारलं. विक्रेत्याला याचं उत्तर माहीत नव्हतं. तेव्हा तिने मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि तो वाजवून पाहिला. निवृत्तीच्या पैशातून तिने स्वतःसाठी घेतलेली ही पहिली वस्तू. फुवांनी गाडीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि गाडीला उद्देशून म्हणाले, "सांभाळ."

मग शिकणं सुरू झालं. कपाशीची पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं फुवांचं वावर होतं, तिथे मी तिला शिकवू लागलो. साडीत जमेना म्हणून तिने जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवला आणि तो बघायला गल्लीतल्या बायका कामं टाकून आल्या. डोक्याला सवय व्हावी म्हणून ती घरात हेल्मेट घालून वावरायची. हेल्मेट घालूनच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची. फुवा म्हणाले, त्या दिवसांत घरात फार शांतता होती, कारण तिला ऐकू येत नव्हतं आणि त्यांना बोलायचं नव्हतं. पण खरी अडचण वेगळीच निघाली. इतकी वर्षं मागे बसल्यामुळे भीती वाटली की काय करायचं हे तिच्या हातांनी कधीच ठरवून टाकलेलं होतं. गाडी जरा डगमगली की तिचे हात हँडल सोडून मागचा दांडा पकडायचे. मी ओरडायचो, "फुई, पुढे धर, पुढे," तोवर गाडी ढेकळांत आडवी आणि फुई बाजूला बसलेली, हात अजून मागेच. एकदा तर ती बांधावरच्या केळीच्या वाळल्या पानांच्या ढिगात गेली. मी धावत पोचलो तेव्हा ती तिथूनच म्हणाली, "चांगली मऊ जागा शे. आजपासून इकडेच पडू."

क्लच मी तिला चार प्रकारे समजावला, एकही तिच्या डोक्यात शिरेना. एके दिवशी मी बाजूला उभा राहून नुसता बघत होतो, तर ती गाडीशी बोलत होती. "आत्ता जोर नको लावू बाई. श्वास घे. हां, कळ येऊ दे. आली? आता हळू सोड. हळू." आणि गाडी हिसका न देता चालू लागली, ती थेट वावराच्या टोकापर्यंत गेली आणि वळून परत आली. त्या दिवसापासून शिकवणारी ती झाली.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा संगणकावर असते. चिन्हं तिला पाठ होती, तरी ती एका प्रश्नाशी अडली. समोरून गुरं आली तर काय कराल, असा काहीसा तो प्रश्न होता. बाहेर आल्यावर नाराज होऊन म्हणाली, "खाली उतरून गुरं कुणाची आहेत ते विचारावं, हे उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं." पण पास झाली. पक्क्या लायसन्सच्या दिवशी मात्र घोळ झाला. मैदानावर आठाच्या आकड्यासारखी वाट आखलेली होती, तीवरून पाय न टेकवता जायचं. ऊन तापलं होतं. फुई अर्धा आठ सुरेख गेली आणि मग थांबली, पाय टेकवला, गाडी लावली आणि सरळ कडेला चालत गेली. तिथे नवऱ्यासोबत आलेली एक पोटुशी मुलगी उन्हात उभी होती. तिला कितवा महिना ते विचारलं, पायांची सूज दाबून पाहिली, तिच्या नवऱ्याला चार शब्द सुनावले, परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या टेबलाजवळची खुर्ची उचलून तिला सावलीत बसवलं आणि मग परत येऊन राहिलेला अर्धा आठ पूर्ण केला. साहेब तरुण होते, भले होते. ते म्हणाले, "काकू, गाडी तुम्ही छान चालवता, पण मध्येच थांबलात. मला नापास करावं लागेल." फुई म्हणाली, "थांबायला नाही जमलं तर चालवून काय करू, साहेब?" साहेबांना हसू आलं, पण नापास ते नापासच.

त्या संध्याकाळी मी तिला प्रथमच खचलेली पाहिली. आतेभावाचा सुरतेहून फोन आला होता. दवाखान्यात फुवांसाठी लवकरची वेळ मिळाली होती, त्यामुळे उन्हाळा संपायची वाट न बघता तो दोघांना न्यायला येणार होता. ती ओसरीवर गाडीकडे बघत बसली होती. म्हणाली, "राहू दे भाऊ. मागे बसणाऱ्याने मागेच बसावं." तेव्हा फुवा आतून बाहेर आले. त्यांच्या हातात एक खुर्ची होती. ती त्यांनी अंगणाच्या कडेला नेऊन ठेवली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "मी बसलोय खुर्चीत. आता कुणी उभं नाही. चालव." फुईने अंगणात विटा मांडून आठ काढला आणि अंधार पडेपर्यंत ती त्यावरून फिरत राहिली. फुवा हलले नाहीत. पुढच्या खेपेला ती पास झाली. परीक्षेआधी तिने सगळ्या मैदानाला एक चक्कर मारून कुणी उन्हात तर नाही ना हे बघून घेतलं होतं, ही गोष्ट वेगळी.

निघायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही गेलो. माझी गाडी मी न्यायची नाही, असा तिचा हुकूम होता. "तू मांगे बठ." म्हणून मी मागे बसलो. फुवांनी पहाटेच एसटीने शिरपूरला जायचं ठरलं. गाडीवर बसायला त्यांनी ठाम नकार दिला होता. जळगाव सुटलं, तापी ओलांडली, चोपड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना केळी लागल्या. फुई बैलगाडीच्या जरा वरच्या वेगाने चालवत होती. खड्डा आला की आधी सांगत होती. बऱ्याच वेळाने मला मागून एक एसटी येताना दिसली. ती जवळ आली, पण पुढे गेली नाही. रस्ता मोकळा होता, तरी ती आमच्या मागेच सावकाश चालत राहिली, चोपडा येईपर्यंत. स्टँडवर चहाला थांबलो तर त्याच बसचा कंडक्टर आमच्याकडे आला. फुवांची पहिली गाडी चुकली होती, त्यामुळे ते या बसमध्ये होते. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमचे सर ड्रायव्हरच्या मागे उभे राहून आलेत. म्हणत होते, पुढे घालू नका, ती दचकते." खिडकीत फुवा होते. फुईने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

शिरपूरला फुवा त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे थांबले आणि आम्ही वरच्या रस्त्याला लागलो. पळस फुलला होता. एक लांब वळण आलं, फुईने ते घेतलं आणि सातपुडा एकदम समोर आला, रस्त्याच्या टोकाला, जणू रस्ता त्याच्यातच शिरणार आहे असा. तिने गाडी कडेला घेतली, बंद केली. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "हा इतका मोठा होता?" ती म्हणाली. मला दिसणारा तिचा चेहरा बाजूचा होता, तरी ती रडत नव्हती हे मी सांगू शकतो. ती नुसती बघत होती, खूप भूक लागलेला माणूस ताटाकडे बघतो तशी. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, शेळ्या गेल्या. मी घाई केली नाही.

तिचं गाव दुपारचं रिकामं होतं. बरीचशी माणसं कामाला गुजरातेत गेली होती. उपकेंद्राला नवा रंग होता आणि नवी नर्स तिच्या स्कूटरवर पाड्यावर गेलेली होती. कुलूप होतं. फुईने कुलपाला हात लावून पाहिला. ज्या बायकांची नावं ती वाटेत घेत आली होती, त्यांतली एकही घरी नव्हती. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं, ओळखलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "नर्सबाई, आज तुले कोनी आनं?"

पहिल्यांदाच आपली आपण आलेली फुई म्हणाली, "कोनी नही. मी उनू." आणि मलाही तिनेच आणलं होतं, म्हणून माझ्याकडे बोट दाखवून, "याले बी मीच लई उनू." म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवर हात फिरवला आणि म्हणाली की आता मला खाली मोठ्या रस्त्यावरच्या बस स्टँडला सोड, लेकीकडे जायचं आहे. फुईने मला गावातच थांबायला सांगितलं आणि म्हातारीला मागे बसवून निघाली. मी ओट्यावर बसून मोहाची फुलं राखली. फुई परत आली तेव्हा तिच्या ड्रेसच्या पाठीवर, जिथे म्हातारीने धरलं होतं तिथे, मोहाचा चिकट डाग होता. तो तिने धुऊ दिला नाही.

आता ती दोघं सुरतेला असतात. फुवांची तब्येत ठीक आहे. गाडी माझ्याकडे आहे, दर रविवारी मी तिला एक फेरी मारून आणतो. फुईचा फोन त्याच सुमारास येतो. आधी ती गाडीचं विचारते, मग माझं. आतेभावाचा फ्लॅट वर आहे, गॅलरीतून तापी दिसते, हे तिला फार आवडेल असं आम्हाला वाटलं होतं. मागच्या रविवारी ती म्हणाली, इथली तापी रुंद आहे, पण हलत नाही, दमल्यासारखी पडून असते. मी विचारलं, "मग गॅलरीत बसत नाहीस का?" "बसते रे," ती म्हणाली. "रोज बसते. तिकडून निघालेलं पाणी इथे यायला किती दिवस लागतात?"

मला माहीत नव्हतं, तसं मी सांगितलं.

"विचारून ठेव कुणाला तरी," ती म्हणाली, आणि फोन ठेवायचं विसरली. मागे घरातला टीव्ही ऐकू येत होता. मी बराच वेळ तसाच फोन कानाला लावून उभा होतो.